पाच हातांचा कार्बन

झुबे,

नवी गोळी अजून घेतलेली नाही. आज दहावा दिवस. पट्टी डब्यात तशीच पडून आहे, एकही कप्पा फोडलेला नाही. पुण्याहून नात रोज सकाळी फोन करते, "आजी, घेतलीस का गोळी?" आणि मी रोज म्हणते, "हो गं राणी." खोटं बोलताना माझा आवाज जरा जास्तच प्रेमळ होतो, हे तुला ठाऊक होतं. तिला अजून कळलेलं नाही.

दोष तुझा आहे. सवय तूच लावलीस.

हे गेले त्या वर्षी डॉक्टरांनी मला रक्तदाबाची गोळी दिली आणि "आता जन्मभर" असं म्हणाले. जन्म तेव्हा बराचसा संपत आलेला होता, तरी त्या शब्दाने मला राग आला. गुरुवारी तू आलीस तेव्हा मी पट्टी तुझ्यापुढे टाकली आणि म्हटलं, "असल्या अनोळखी माणसाला मी रोज पोटात घेणार नाही." तू चष्मा वर केलास, पट्टीवरचं बारीक नाव वाचलंस आणि म्हणालीस, "मग ओळख करून देते की! पेन्सिल आण."

कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला तू सहा कोनांचं कडं काढलंस. हातात फूटपट्टी नाही, काही नाही, तरी सहाच्या सहा बाजू सारख्या. एका कोपऱ्यात नायट्रोजन. वर बेंझिन, त्याला क्लोरीन. मग एका बाजूने लांब शेपटी काढलीस आणि पेन्सिलीचं टोक तिच्यावर ठेवलंस.

"ही शेपटी बघ. या जातीच्या आधीच्या गोळ्या काही तासांत ओसरायच्या. दिवसातून दोनदा, तीनदा घ्याव्या लागायच्या. मग कुणीतरी ही शेपटी लावून पाहिली. तिच्या जोरावर ही बया दिवसभर अंगात टिकते. म्हणून तुला एकदाच घ्यायचीय. कळलं?"

"कुणी लावली?"

"मला काय ठाऊक? असेल माझ्यासारखं कुणीतरी, बाकावर उभं राहून पाय दुखवून घेणारं. पुष्कळ शेपट्या लावून बघितल्या असतील. बाकीच्या फुकट."

त्या रात्री मी गोळी घेतली. पाकीट गोळ्यांच्या डब्याच्या झाकणात आतून चिकटवलं. मग साखरेची गोळी आली, तिचं चित्र आलं. गुडघ्याची आली, तिचं आलं. तुझं चित्र नाही तर माझी गोळी नाही, असा नियमच झाला. झाकण उघडलं की आत तुझं अक्षर, सगळीकडे षटकोन, जणू मधाचं पोळं. शेजारीण एकदा विचारत होती, "आजी, ही यंत्रं कुणी दिली? कुठल्या महाराजांनी?" मी म्हटलं, "राजिवड्याला असतात. गुरुवारी दर्शन देतात." तुला सांगितलं तेव्हा तुझ्या नाकातून चहा आला.

आता डॉक्टरांनी ती शेपटीवाली बंद केली. माझे पाय सुजायला लागले होते, घोट्याशी बोट दाबलं की खड्डा राहायचा. नवी दिली. ती सोमवारी आणली. म्हटलं, गुरुवारी झुबेकडून ओळख करून घेऊ. आणि तुला बोलतं करायला निमित्तही होईल, कारण आधीच्या गुरुवारी मी जे बोलले होते त्यानंतर तुझ्यासमोर यायला मला निमित्त हवं होतं.

मंगळवारी सकाळी तुझ्या भावाच्या लेकीचा, शबानाचा फोन आला. "मावशी, फुफी उठत नाहीये."

*

तुझ्याशी माझी पहिली ओळख झाली ती माझ्या फजितीतून, हे मी कुणाला सांगत नाही. आज लिहून टाकते, तू हसायला नाहीस तेवढ्यात.

इथल्याच, रत्नागिरीच्या कॉलेजात बीएस्सीची तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक. मी वर्गात पहिली, दोन वेण्या, वरच्या आळीतली, नाकाचा शेंडा कायम आभाळाकडे. परीक्षक म्हणाले, फळ्यावर अमुक रेणू काढा. मी झरझर काढला आणि खडू ठेवून अशी वळले की आता टाळ्याच पडणार. कार्बनला चार हात असतात, हे पाळण्यातलं पोरही सांगेल. माझ्या एका कार्बनला पाच होते.

परीक्षक बघत राहिले. दारात तू तुझ्या नंबराची वाट बघत उभी होतीस, डोक्यावर ओढणी, तोंडात जिरेगोळी. तू अगदी आदराने म्हणालीस, "सर, हिचा कार्बन नवसाचा आहे."

मी तुझ्याशी सहा महिने बोलले नाही. मग मुंबईला एमएस्सीसाठी वसतिगृहात एकच खोली मिळाली आणि बोलावंच लागलं. पुढच्या पन्नास वर्षांत मी काहीही मिरवलं, पोरगा पहिला आला, घर बांधलं, आदर्श शिक्षिका झाले, की तू हळूच पंजा वर करायचीस. पाच बोटं. बस, मी खाली.

आपण दोघी एकाच औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलो तेव्हा माझा कार्यक्रम ठरलेला होता. होळीपर्यंत मलेरिया, दिवाळीपर्यंत कॅन्सर. मी व्हॉइलची साडी नेसून जायची, कारण शास्त्रज्ञ बाई कशी दिसावी याबद्दल माझ्या ठाम कल्पना होत्या. महिन्याभरात ॲसिडने पदराची जाळी झाली. तू पहिल्या दिवसापासून जाड खादीचा झगा घालून आलीस आणि काजूच्या टरफलाच्या तेलाची बरणी टेबलावर ठेवलीस.

ती बरणी तू रत्नागिरीहून एसटीने आणली होतीस. वाटेत ती गळली आणि एका माणसाच्या वळकटीवर काळा डाग पडला, त्याला तू तुझी चादर देऊन टाकलीस. साहेबांनी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, "सर, आमच्याकडे पोरं काजूबिया भाजतात. टरफलातलं तेल उडतं, ओठावर फोड येतात. जे कातडीला एवढं चावतं ते जंतूला सोडेल काय? त्याचा दात तेवढा काढायचा आणि चावा जंतूसाठी ठेवायचा."

साहेब हसले. मीही हसले, कारण साहेब हसले होते. माझ्या ओठावर लहानपणी पावस गावी काजू भाजताना आलेल्या फोडाचा डाग अजून आहे, पण त्यात औषध असेल असं मला कधी सुचलं नाही. मला खोबरेल लावायचं सुचलं होतं.

आणि मग तो चंबू.

त्या तेलातले चार रेणू म्हणजे सारख्या बहिणी, एकमेकींना चिकटून असतात, सुट्या होत नाहीत, म्हणून त्यातून काही बनवलं की काकवीसारखं काहीतरी तयार होतं आणि काकवीच राहतं. स्फटिक पडत नाहीत. स्फटिक पडल्याशिवाय माल शुद्ध नाही, माल शुद्ध नाही तर पुढे चाचणी नाही. तू दीड महिना खपून एका चंबूत तपकिरी रस तयार केलास, तोंडाला कागद बांधलास आणि शुक्रवारी कोपऱ्यात ठेवून गेलीस. हलवायचा नाही, बघायचाही नाही. निवांत बसला तर पडतील स्फटिक.

शनिवारी अर्धा दिवस मी एकटी होते. घरी आईने कानीकपाळी ओरडून शिकवलेलं, खरकटं भांडं तसं टाकून बाहेर पडायचं नाही, लक्ष्मी जाते. निघताना कोपऱ्यात बघते तर चंबू, तळाशी चिकट राड. मी म्हटलं, ही झुबेदा म्हणजे! ॲसिटोन घेतलं, ब्रश घेतला.

सोमवारी तू आलीस. "मंदे, इथे चंबू होता."

"घासून ठेवलाय की! बघ कसा लखलखतोय."

तू ओरडली नाहीस. स्टुलावर बसलीस, चंबू उजेडात धरलास, सगळीकडून फिरवून पाहिलास. मग म्हणालीस, "भांडी मात्र तू छान घासतेस गो." आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केलीस. तुझ्या बाकावर तेव्हापासून पाटी लागली: मंदाने हात लावू नये.

वर्षाच्या आत माझं लग्न ठरलं आणि मी रत्नागिरीला परत येऊन शाळेत विज्ञान शिकवायला लागले. लोकांना सांगायचे, संसारासाठी विज्ञानाचा त्याग केला. विज्ञानाने सुटकेचा श्वास सोडला, हे फक्त तुला ठाऊक.

*

तू एकतीस वर्षं तिथे राहिलीस. एक कार्बन इकडे, एक ऑक्सिजन तिकडे. सुट्टीत आलीस की मी विचारायची, "आता कितव्या नंबरचा रेणू?" तू सांगायचीस सदतीस, मग ऐंशी. एकशे एकोणीस झाला तेव्हा तू बसस्टँडवरून थेट माझ्याकडे आलीस, बॅगसुद्धा घरी न टाकता. काचेच्या नळीत त्याने हिवतापाचे जंतू मारले होते. मी त्या दिवशी शिरा केला. तू म्हणालीस, "थांब गो, अजून उंदीर व्हायचेत." मी म्हटलं, उंदरांनाही ठेवते थोडा.

उंदराच्या यकृताने त्याची शेपटी कातरली. तासाभरात औषध गायब. तू शेपटी आखूड केलीस, तर रक्तात विरघळेना. जाड केलीस, तर जंतू ओळखेना. तीन वर्षं तू त्या शेपटीशी भांडलीस. मग वरच्यांनी काम बंद केलं, फायली कपाटात गेल्या. त्या वेळी तू आलीस तेव्हा बांगड्याची आमटी पुढ्यात घेऊन नुसती बसलीस. मी म्हटलं, "मग दुसरं बनव." जणू भाकरी करपली होती.

तू दुसरं बनवलंस. पुढेही खूप बनवलंस. दुकानात एकही आलं नाही.

निवृत्त होऊन राजिवड्याला भावाच्या घरी परतलीस आणि आपले गुरुवार सुरू झाले. रोज्यांच्या महिन्यातही तू यायचीस. मी "पिऊ ना गो चहा?" विचारून प्यायचीच, आणि तू माझ्या कपाकडे बघत बेंझिन काढायचीस. गावात दुसऱ्या कुणाशी मी हे बोलणार होते? "ऑर्गॅनिक केमिस्ट्री" म्हटलं की शेजारीण विचारते, बिनखताची भाजी ना? औषधाच्या दुकानदाराला सगळे केमिस्ट म्हणतात, त्यावर तू दर वेळी भडकायचीस, "केमिस्ट मी! तो दुकानदार."

शेवटच्या गुरुवारी मी पेपर वाचून दाखवत होते. आता म्हणे संगणक नवी औषधं शोधून काढतो, एका दिवसात हजारो रेणूंची चित्रं. मला तुला टोचायचं होतं. कशाला? सवय. तू शांतपणे म्हणालीस, "चित्र काढेल. चांगलंच आहे. पण ते बनवायला कुणीतरी बाकावर उभं राहायला लागेल ना? चंबूत स्फटिक पडायला हवेत. ते पाडायला पेपर चालत नाही."

आणि मी म्हटलं, "तू उभी राहिलीस की एकतीस वर्षं. एक तरी गोळी दाखव दुकानात."

झुबे, ते तोंडातून निघालं तेव्हा मी हसत होते.

तू पंजा वर केला नाहीस. कप खाली ठेवलास. "आज साखर कमी पडली चहात," म्हणालीस. दारापर्यंत आले मी, तू रिक्षात बसलीस. एरवी रिक्षावाला कंटाळेपर्यंत आपण बोलायचो. त्या दिवशी तो लगेच गेला.

*

तुमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. जनाजा दारातून उचलला तेव्हा मी शबानाच्या शेजारी उंबऱ्याशी उभी होते. म्हणजे याही वेळी तुला दारापर्यंतच सोडलं. पुरुष भाट्याच्या खाडीच्या बाजूने वळले आणि दिसेनासे झाले. आत गेले तर तुझ्या चपला शिडीखाली, एक उलटी. मी सुलटी केली आणि मग वाटलं, कशाला.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी जियारतीच्या दुआला गेले. गुरुवार होता. पहिला गुरुवार असा की मी तुझ्याकडे आले आणि तू नव्हतीस. बायका बसल्या होत्या. शबाना पाणी घेऊन आली, माझ्याजवळ टेकली आणि हळूच म्हणाली, "मावशी, एक विचारू? सगळे विचारतात, तुझ्या फुफीने इतकी वर्षं कुठलं औषध शोधलं. मला सांगता येत नाही. तुम्हाला ठाऊक असेल ना?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. वर्गासमोर चाळीस वर्षं बोललेली बाई मी. तोच प्रश्न, जो मी तुला हसत विचारला होता. मी म्हटलं, "मुली, पाणी गार आहे ना?" आणि ग्लास तोंडाला लावला.

घरी येऊन डबा उघडला, झाकण बघितलं, बंद केला.

*

आज दुसरा गुरुवार. सवयीने दोन कप मांडले होते. एक परत ठेवला.

डोकं सकाळपासून ठणकत होतं. माझ्या रक्तदाबाला काही तुझा दुखवटा पाळायचा नाही. मी उठले आणि दुकानात गेले. म्हटलं, "या गोळीचं चित्र हवंय."

तो म्हणाला, "आजी, चित्र कसलं? गोल आहे, पांढरी आहे."

"खोक्यातला आतला कागद दे."

त्याने मोठ्या खोक्यातून घडीचा कागद काढून दिला. मुंगीच्या पायासारखं अक्षर. घरी येऊन भिंग घेतलं, लग्नपत्रिकेचं पाकीट शोधलं, उलटं केलं. पेन्सिल तुझीच, तू गेल्या खेपेला विसरलेली, दातांचे ठसे असलेली.

पन्नास वर्षांनी रेणू काढत होते. पहिला षटकोन बटाट्यासारखा आला. दुसरा त्याला जोडलेला, तोही बटाटाच. पुढे पाच कोनांचं कडं, त्याला क्लोरीन, त्याला चार कार्बनांची शेपटी. मग दुसऱ्या बाजूचा कोपरा काढायला घेतला आणि हात थांबला. पाच कोनांचं आणखी एक लहान कडं, त्यात चार नायट्रोजन.

हा कोपरा मी ओळखला!

तूच सांगितलं होतंस, कधीतरी, शेंगा सोलताना. तिथे आधी आम्ल असतं. आम्ल नेमक्या जागी चिकटतं बरं, पण पोटातून रक्तात शिरायला कुरकुरतं. सुईने दिलं तर चालतं, गोळीने नाही. मग कुणीतरी आम्ल काढून तिथे चार नायट्रोजनचं कडं बसवतं. "सुनेने पुरणात गुळाऐवजी साखर घालावी आणि सासूला कळू नये, तसं," असं तू म्हणालीस आणि मी विचारलं होतं, "आणि आधीची आम्लवाली? तिचं काय झालं?"

"तिचं काय व्हायचं? ती कपाटात. पण ती कुणी बनवली नसती तर इथे काय बदलायचं हे कळलं असतं काय? एकेकजण एकेका गल्लीत जाऊन बघतो, मंदे. पुढे वाट नसली तर तोंडाशी फुली मारून येतो. पुढचा माणूस मग त्या गल्लीत आयुष्य घालवत नाही."

मी तेव्हा शेंगाच खात होते.

आज मोठ्याने म्हटलं, "झुबे, ओळखलं गो मी!" आणि मान वर केली. समोर तुझी खुर्ची. फ्रिज घुरघुरत होता. या सगळ्या रत्नागिरीत एक माणूस नाही ज्याला जाऊन सांगावं की चार नायट्रोजनचं कडं मला न विचारता ओळखता आलं. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगायचं, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. तू तब्येतीने माझ्यापेक्षा बरी होतीस.

शबानाला फोन लावला. म्हटलं, "मुली, त्या दिवशी तुला उत्तर दिलं नाही. तुझ्या फुफीने औषध शोधलं नाही. औषध कुठे नाही हे तिने शोधलं, आणि ते नीट लिहून ठेवलं, आणि पुन्हा सकाळी कामाला गेली. माझ्या डब्यात तीन गोळ्या आहेत, तिन्हीच्या मागे अशी माणसं आहेत. विचारणाऱ्यांना हे सांग. आणि सांग की हे मावशीला फार उशिरा कळलं."

ती म्हणाली, "मावशी, लिहून द्याल? मला एवढं नाही सांगता येणार."

म्हणून हे लिहायला बसले. तिच्यासाठी म्हणून बसले आणि वर तुझं नाव पडलं.

चित्र पुरं केलं. तू शिकवल्याप्रमाणे एकेक कार्बन धरून हात मोजत गेले. एक दोन तीन चार. एक दोन तीन चार. दोन बेंझिन जिथे जोडले आहेत त्या कोपऱ्यावर आले. डावीकडे दुहेरी रेघ, उजवीकडे दुहेरी रेघ, वर जोडणारी एक.

पाच.

मी खोडरबर उचललं नाही. हात मांडीवर ठेवून बसले. दाराकडे बघितलं. कुणी म्हणालं नाही, हिचा कार्बन नवसाचा आहे. चहा गार झाला. बाहेर मासळीवाली ओरडत गेली, तीही लांब गेली.

मग एक रेघ मीच खोडली. पुन्हा मोजले, चार आले. पाकीट झाकणात तुझ्या अक्षराशेजारी चिकटवलं. तुझे षटकोन, माझे बटाटे.

आणि गोळी घेतली.